थकवा, अपोहनावरील वृक्करोग्यांतील

थकवा, अपोहनावरील वृक्करोग्यांतील : दोन्ही वृक्कांचे (मूत्रपिंडांचे) कार्य कायमचे बंद पडल्यामुळे ज्यांचे रक्त ठराविक दिवसांनी अपोहनाने शुद्ध करावे लागते, अशा रुग्णांना जाणवणारा, झोपेने वा विश्रांतीने पुरता न जाणारा आणि नित्याचे व्यवहार अडवणारा गळाठा. निरोगी माणसाला श्रमानंतर येणारा थकवा हा श्रमांच्या प्रमाणात असतो व रात्रभराच्या झोपेने जातो. येथे तसे प्रमाण राहत नाही. रुग्ण सकाळी उठतो तोच थकलेला असतो. जिना चढणे, आंघोळ करणे, पाहुण्यांशी तासभर बोलणे यांनीही तो गळून जातो. वेगवेगळ्या पाहण्यांत अपोहनावरील ६० ते ९७ टक्के रुग्णांनी ही तक्रार सांगितली आहे. आकड्यांतील एवढी तफावत मुख्यतः थकवा कसा मोजला यावरून पडलेली आहे. पण सर्वांत लहान आकडा घेतला, तरी निम्म्याहून अधिक रुग्णांना हा त्रास होतो हे उघड आहे.

एवढे असूनही या लक्षणाकडे दीर्घकाळ दुर्लक्ष झाले. थकवा क्ष-किरणचित्रात दिसत नाही वा रक्ताच्या तपासणीत सापडत नाही. रुग्णाचे यूरिया, पोटॅशियम व हीमोग्लोबिन ठीक असले की ‘अहवाल चांगला आहे’ असे त्याला सांगण्यात येते आणि तो घरी येऊन आडवा होतो. अहवाल चांगला असताना माणूस उठत का नाही, हे घरच्यांना उमगत नाही व त्याच्या वागण्याला आळस हे नाव मिळते. हा आळस नसून त्यामागे निश्चित शारीरिक कारणे आहेत. मात्र ते एकच एक कारण नाही आणि त्यांपैकी एक कारण खुद्द उपचारातच आहे.

अपोहनाची क्रिया : पार्य पटलातून लहान रेणू आरपार जातात व मोठे अडून राहतात, या तत्त्वावर द्रव्ये वेगळी करण्याच्या क्रियेला स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञ टॉमस ग्रॅहॅम यांनी १८६१ मध्ये दिलेले डायालिसिस हे नाव आज रुग्णालयांतून सर्वतोमुखी आहे. रक्तापोहनात रुग्णाचे रक्त मिनिटाला सु. २०० ते ४०० मिलि. या वेगाने यंत्राकडे नेतात. तेथे ते हजारो पोकळ तंतूंच्या जुडग्यातून वाहते आणि तंतूंच्या बाहेरून उलट दिशेने अपोहद्रव वाहत असतो. यूरिया, पोटॅशियम इ. द्रव्ये रक्तातून अपोहद्रवात उतरतात व दाबातील फरकाने शरीरात साठलेले जादा पाणीही ओढून काढले जाते. एका बैठकीला सु. १२० लिटर अपोहद्रव लागतो. रोगी माणसावर हा प्रयोग प्रथम जर्मनीत गीसेन येथे गेओर्ख हास यांनी १९२४ मध्ये केला. व्हिलेम कोल्फ यांनी नेदर्लंड्समधील कांपेन येथे महायुद्धाच्या काळात फिरत्या पिंपाचे यंत्र बनवले व १९४५ मध्ये त्याने एका वृद्धेचा जीव वाचला. परंतु दर वेळी नवी रक्तवाहिनी उघडावी लागत असल्याने हा उपचार काही दिवसांपुरताच होता. बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी १९६० मध्ये सिअ‍ॅटल येथे टेफ्लॉनची कायमची नळी हातात बसविली आणि वृक्के निकामी झालेला माणूस वर्षानुवर्षे जगू शकेल अशी सोय प्रथमच झाली. त्यांचा पहिला रुग्ण त्यानंतर ११ वर्षे जगला. १९६६ मध्ये ब्रेशा, चिमिनो आदींनी मनगटाजवळची रोहिणी व नीला जोडण्याची शस्त्रक्रिया सुचवली. तीच पद्धत आजही श्रेष्ठ मानली जाते.

येथे एक हिशेब ध्यानात घेणे आवश्यक आहे. निरोगी वृक्के आठवड्याचे १६८ तास काम करतात. यंत्र आठवड्यातून तीन वेळा चार-चार तास, म्हणजे एकूण १२ तास काम करते. लहान रेणू गाळून काढण्याच्या बाबतीत ते निरोगी वृक्कांच्या कार्याचा फार तर दहावा ते सातवा हिस्सा भरून काढते. मोठे व प्रथिनांना चिकटून राहणारे विषारी रेणू त्याहूनही कमी निघतात. शिवाय वृक्के केवळ गाळणी नव्हेत. ती हॉर्मोने तयार करतात, रक्ताची अम्लता राखतात, ड जीवनसत्त्वाला कार्यक्षम रूप देतात. यंत्राने माणूस जगतो. तथापि तो सतत सौम्य विषबाधेच्या अवस्थेत राहतो.

रक्तक्षय : थकव्याचे सर्वांत आधी ओळखले गेलेले कारण म्हणजे रक्तक्षय. अस्थिमज्जेला (हाडांतील मगजाला) तांबड्या कोशिका तयार करण्याचा आदेश देणारे एरिथ्रोपोएटीन हे हॉर्मोन मुख्यतः वृक्कांतच तयार होते. वृक्के आक्रसली की ते आटते. तांबड्या कोशिकांचे आयुष्य एरवी सु. १२० दिवसांचे असते, तेही विषद्रव्यांमुळे घटते. त्यातच दर बैठकीला थोडे रक्त यंत्राच्या तंतूंत अडकून राहते व थोडे तपासणीसाठी जाते. या मार्गांनी वर्षाला एक ते तीन ग्रॅम लोह शरीराबाहेर पडते. प्रौढ माणसाच्या शरीरात एकूण लोह असते तीन ते चार ग्रॅम, हे पाहता या हानीची कल्पना येईल. आतड्यातून लोह शोषले जाण्याची क्रियाही या रोगात मंदावते. म्हणून पालक, गूळ वा लोहाच्या गोळ्या यांवर भागत नाही, शिरेतून लोह द्यावे लागते.

एरिथ्रोपोएटिनाचा शोध हा चिकाटीचा नमुना आहे. असे काही द्रव्य असावे, हा तर्क पॅरिसमध्ये कार्नो व देफ्लांद्र यांनी १९०६ मध्येच मांडला होता. ते शुद्ध स्वरूपात मिळायला १९७७ साल उजाडले. ताकाजी मियाके यांनी जपानमधील रक्तक्षयी रुग्णांचे सु. २,५५० लिटर मूत्र जमवून आटवले व त्यापासून शिकागो येथे युजीन गोल्डवासर यांच्या प्रयोगशाळेत अवघे काही मिलिग्रॅम हॉर्मोन हाती आले. पुढे त्याचे जीन वेगळे करून ते कोशिकासंवर्धनात तयार करणे शक्य झाले. लंडन (१९८६) व सिअ‍ॅटल (१९८७) येथील प्रयोगांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा रक्त चढवल्यावाचून ज्यांचे चालत नव्हते अशा रुग्णांची ती गरज संपल्याचे दिसले. त्यापूर्वी रुग्णाला वारंवार परक्याचे रक्त द्यावे लागे; त्यातून यकृतशोथ होई, लोह साठून इंद्रिये बिघडत आणि शरीरात प्रतिपिंडे तयार झाल्याने पुढे जुळणारे वृक्क मिळणे अवघड होई. १९८९ मध्ये अमेरिकेत या औषधाला परवानगी मिळाली आणि थकव्याचा प्रश्न सुटला अशी समजूत झाली.

ती अर्धीच खरी ठरली. हीमोग्लोबिन १०० मिलि. रक्तात ६–७ ग्रॅमांवरून १० ग्रॅमांवर गेले की रुग्णाला स्पष्ट हुशारी वाटते. तेथून पुढे ते निरोगी माणसाइतके, म्हणजे १३–१४ ग्रॅमांवर नेले, तर हुशारी त्या मानाने वाढत नाही आणि धोका मात्र वाढतो. हृदयविकार असलेल्या अपोहनरुग्णांवरील अमेरिकेतील प्रयोग यामुळेच मुदतीआधी थांबवावा लागला व त्याचे निष्कर्ष १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. मधुमेही वृक्करोग्यांवरील २००९ सालच्या मोठ्या प्रयोगात जास्त हीमोग्लोबिन राखलेल्या गटात पक्षाघाताचे प्रमाण सु. दुप्पट आढळले. त्यामुळे आता सामान्यतः १० ते ११.५ ग्रॅम ही मर्यादा पाळतात. एरिथ्रोपोएटीन शरीरातच तयार व्हावे म्हणून तोंडाने घ्यावयाची औषधेही निघाली असून चीन (२०१८), जपान (२०१९) व भारत (२०२२) येथे त्यांना मान्यता मिळाली आहे. परंतु रक्त सुधारलेले असतानाही जो रुग्ण थकलेलाच राहतो, त्याचे कारण अन्यत्र शोधले पाहिजे.

अपोहनोत्तर थकवा : पुष्कळ रुग्णांचा थकवा सारख्या प्रमाणात नसतो; तो अपोहनाच्या दिवशी उसळतो. यंत्रावरून उतरताना डोके जड होते, पायांत गोळे येतात, घरी पोहोचेपर्यंत त्राण उरत नाही व संध्याकाळ झोपेत जाते. ‘अपोहनानंतर पूर्ववत वाटायला तुम्हाला किती वेळ लागतो?’ एवढा एकच प्रश्न विचारून हे मोजता येते, असे कॅनडातील लिंडसे व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखवले. पुढे १२ देशांतील सु. ६,००० रुग्णांना तोच प्रश्न विचारला गेला. सु. एक तृतीयांश रुग्ण दोन तासांच्या आत सावरत. पण चौथ्या हिश्शाहून अधिक रुग्णांना सहा तासांपेक्षा जास्त व दहांपैकी एकाला बारा तासांपेक्षा जास्त वेळ लागे. सावरायला जितका वेळ जास्त, तितके रुग्णालयात भरती होण्याचे व मृत्यूचे प्रमाणही जास्त, असे या पाहणीत आढळले.

असे का होते, ते पाण्याच्या हिशेबावरून समजते. ज्याला मूत्र होत नाही त्याच्या शरीरात दोन बैठकींच्या मधल्या काळात दोन-तीन लिटर पाणी साठते. निरोगी वृक्के जे काम दिवसरात्र सावकाश करतात, ते यंत्राला चार तासांत उरकावे लागते. यंत्र पाणी काढते ते रक्तद्रवातून, आणि प्रौढ माणसाचा रक्तद्रव असतो तीन लिटरांच्या आसपास. ऊतकांतील (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकासमूहांतील) पाणी झिरपून ती उणीव भरत असते. परंतु काढण्याचा वेग झिरपण्याच्या वेगाहून जास्त झाला की रक्तदाब घसरतो. तेव्हा हृदयाच्या स्नायूचे काही भाग रक्त अपुरे पडल्याने तात्पुरते मंदावतात व असे वारंवार घडल्यास हृदय कायमचे दुबळे होते. शरीराच्या दर किग्रॅ. वजनामागे तासाला १३ मिलि.हून अधिक वेगाने पाणी काढल्यास मृत्यूचे प्रमाण वाढते, असे २०११ मध्ये एका विश्लेषणात दाखवण्यात आले. ६० किग्रॅ. वजनाच्या माणसात याचा अर्थ चार तासांत सु. तीन लिटर. ज्याच्या शरीरात याहून जास्त पाणी साठते, त्याला कमी पाणी पिणे किंवा बैठकीचा काळ वाढवणे हे दोनच मार्ग उरतात. दुसरा मार्ग रुग्णाला आवडत नाही व केंद्रालाही गैरसोयीचा असतो, कारण यंत्रावर पुढचा रुग्ण वाट पाहत असतो. याखेरीज रक्तातील यूरिया झपाट्याने उतरतो, मेंदूतील मात्र मागे राहतो. या विषमतेने पाणी मेंदूकडे ओढले जाऊन डोकेदुखी व मांद्य येते. पहिल्या काही बैठकींत हा त्रास विशेष होतो, म्हणून त्या मुद्दाम लहान ठेवतात.

इतर कारणे : रक्तातील अम्लता वाढली की स्नायूंतील प्रथिने झिजतात. दर बैठकीला काही ग्रॅम ॲमिनो अम्ले अपोहद्रवात वाहून जातात, भूक मंदावलेली असते आणि वृक्करोगाच्या आधीच्या अवस्थेत सांगितलेले कमी प्रथिनांचे पथ्य पुष्कळ रुग्ण अपोहन सुरू झाल्यावरही चालू ठेवतात. हे पथ्य आता उलटे झालेले असते. अपोहनावरील माणसाला इतरांहून जास्त प्रथिने लागतात. शरीरात सतत धुमसत राहणाऱ्या शोथामुळे (दाहामुळे) काही द्रव्ये रक्तात वाढतात व ती मेंदूवर परिणाम करून तापात येते तशी ग्लानी आणतात. हृदयविकार, मधुमेह, अवटू ग्रंथीची मंदता, रक्तदाबावरील काही औषधे यांचीही भर पडते.

झोपेचा प्रश्न वेगळा सांगावयास हवा. रात्री पाय सतत हलवावेसे वाटणे, अंगाला खाज सुटणे, झोपेत श्वास अडखळणे हे तिन्ही विकार या रुग्णांत सर्वसाधारण लोकांपेक्षा कितीतरी जास्त आढळतात. त्यात पहाटेची पाळी असेल तर चारला उठावे लागते. दिवसा यंत्रावर डुलकी लागते व रात्री झोप येत नाही, असे चक्र सुरू होते. अपोहनरुग्णांपैकी चौथ्या-पाचव्या हिश्शाला नैराश्य असते. थकव्याने नैराश्य येते की नैराश्याने थकवा, हे पुष्कळदा ठरवता येत नाही. दोन्ही एकमेकांना पोसतात. थकवा ‘मानसिक’ ठरवून मोकळे होणे मात्र सोपे असले, तरी चुकीचे आहे.

मापन : थकवा मोजणारे उपकरण नाही; रुग्णाचे सांगणे हाच पुरावा. अनेक देशांतील रुग्ण, त्यांचे नातेवाईक व वैद्य यांचे मत घेऊन रक्तापोहनावरील प्रत्येक संशोधनात कोणत्या गोष्टी मोजल्याच पाहिजेत, हे ठरवण्याचा प्रयत्न सॉंग या आंतरराष्ट्रीय उपक्रमात झाला. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांत दोन पक्षांच्या दृष्टींतील अंतर स्पष्ट दिसते. मृत्यू व रुग्णालयातील भरती यांना वैद्यांनी अधिक महत्त्व दिले. अपोहनानंतर गळून जाणे, प्रवास करता येणे, अपोहनातून मोकळा मिळणारा वेळ यांना रुग्णांनी. अखेरीस निश्चित झालेल्या चार बाबींत मृत्यू, हृद्‌रोग व रक्तवाहिनीचा मार्ग यांच्या जोडीला थकव्याला स्थान मिळाले. त्यासाठी तीनच प्रश्नांची मोजपट्टी तयार करण्यात आली : थकवा वाटतो का, उत्साह कमी आहे का, आणि त्यामुळे जगण्यातले व्यवहार अडतात का.

उपाय : कारणे अनेक असल्याने एक औषध नाही. लोह व एरिथ्रोपोएटीन, अम्लतेची दुरुस्ती, झोपेच्या विकारांवर व नैराश्यावर उपचार, योग्य ‘कोरडे वजन’ ठरवणे (जादा पाणी नसताना असणारे वजन, ते चुकले तर रुग्ण एक तर सुजतो नाही तर पिळून निघतो) हे सर्व क्रमाने तपासावे लागते. कार्निटिनाचा गाजावाजा बराच झाला, त्या मानाने पुरावा तोकडा आहे.

ज्याचा पुरावा बरा आहे तो उपाय ऐकताना विपरीत वाटतो : व्यायाम. थकलेल्या माणसाला चालायला सांगणे घरच्यांना निर्दयपणाचे वाटते; पण पडून राहण्याने स्नायू झिजतात व थकवा वाढतो. इटलीतील २९६ रुग्णांवरील २०१७ सालच्या प्रयोगात सहा महिने घरीच ठरावीक गतीने चालणाऱ्यांचे सहा मिनिटांत कापले जाणारे अंतर सरासरी ३२८ मीटरांवरून ३६७ मीटरांवर गेले. न चालणाऱ्यांत फरक पडला नाही. काही केंद्रांत पलंगाला जोडलेली पायचाकी असते व बैठकीच्या पहिल्या दोन तासांत रुग्ण ती फिरवतो.

बैठकींचा काळ वा संख्या वाढवणे हा मूलगामी उपाय. फ्रान्समधील तासां येथे आठ-आठ तासांच्या सावकाश बैठकींची पद्धत अनेक दशके चालली. टोरांटो येथे १९९४ पासून रात्री झोपेत घरीच अपोहन करण्याचा प्रघात पडला. आठवड्यातून सहा वेळा अपोहन केलेल्या रुग्णांची शारीरिक स्थिती सुधारते व सावरण्याचा वेळ घटतो, असे २०१० मधील अमेरिकी-कॅनेडियन प्रयोगातून व त्याच्या पुढील विश्लेषणातून दिसले. मात्र रक्तवाहिनीच्या जोडावर वारंवार दुरुस्तीची वेळ आली.

भारतात प्रश्न उलट बाजूचा आहे. येथे खर्चामुळे व अंतरामुळे पुष्कळ रुग्ण आठवड्यातून तीनऐवजी दोनच वेळा अपोहन करून घेतात. २०१६ मध्ये केंद्र सरकारने जाहीर केलेल्या प्रधानमंत्री राष्ट्रीय डायालिसिस कार्यक्रमाने जिल्हा रुग्णालयांत गरिबांना ही सेवा मोफत मिळू लागली. तरीही खेड्यातून जिल्ह्याच्या गावी जाणाऱ्या माणसाचे चार तास यंत्रावर आणि तितकेच एस.टी.त जातात, सोबत येणाऱ्याची रोजी बुडते ती वेगळी. थकव्याचा हा भाग कोणत्याही तपासणीत येत नाही.

घरगुती समजुतींविषयी येथे सावध करणे भाग आहे. अशक्तपणा आला की शहाळ्याचे पाणी, मोसंबीचा रस वा सलाईन ही आपल्याकडची रीत. एका शहाळ्यात सामान्यतः अर्ध्या ग्रॅमाहून अधिक पोटॅशियम असते. ज्याची वृक्के ते बाहेर टाकू शकत नाहीत, त्याच्या रक्तात ते साठून स्नायू लुळे पडतात आणि हृदय थांबूही शकते. मायेने पाजलेला पेला असा जिवावर बेततो. सलाईनमधील मीठ-पाणीही शरीरातच राहते, व ती लावताना जोडाच्या हाताची शीर खराब होते ती निराळी. शक्तिवर्धक भस्मे व चूर्णे यांबाबतही तेच. थकवा नेहमीचा नसून एकाएकी वाढला, किंवा त्याच्याबरोबर धाप, छातीत दुखणे, ताप, काळे शौच वा पायांतील बळ जाणे यांपैकी काही असेल, तर पुढच्या बैठकीची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

पॉपोविच व माँक्रीफ यांनी १९७६ मध्ये मांडलेल्या सतत पर्युदर-अपोहनात (पोटातील पातळ आवरणाचाच पटल म्हणून उपयोग करण्याच्या पद्धतीत) पाणी व विषद्रव्ये दिवसभर सावकाश निघत असल्याने बैठकीनंतरची ती पडझड होत नाही. मूळचा थकवा मात्र राहतो. यशस्वी वृक्करोपणानंतर तो पुष्कळ कमी होतो. हीमोग्लोबिन आपोआप वाढते, पथ्ये सैल होतात, आठवड्यातले मोडलेले दिवस परत मिळतात. तरीही काही रुग्णांत प्रतिरक्षा दडपणारी औषधे, झिजलेले स्नायू व मोडलेली झोप यांमुळे थोडा थकवा उरतो आणि ‘आता तर नवे वृक्क मिळाले’ म्हणून त्याची तक्रार पुन्हा मागे पडते.